फुर्लान गाडी आणायला गेला

त्रिएस्तेमध्ये रहस्यकथांना 'पिवळी' म्हणतात.
हसू नका. तिथे तो रंग फक्त खुनाचा.
ओंदिना कोस्सुत्ताकडे अशी एकोणीस आहेत,
स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी,
सगळी कमिसार बेनुस्सीची.

बेनुस्सीचं तिला फारसं कौतुक नाही.
हुशार आहे, असू दे.
खिडकीशी उभा राहतो, बंदराकडे बघतो,
आणि दोनशेव्या पानाच्या आसपास त्याला सगळं कळतं.
कळणारच. पुस्तक त्याच्या बापाचं आहे.

तिचा जीव सार्जंट फुर्लानवर.
तो छत्री धरतो आणि स्वतः भिजतो.
वर कार्स्टच्या पठारावर म्हाताऱ्यांशी
त्यालाच त्यांच्या स्लोव्हेनमध्ये बोलता येतं,
म्हणून दार उघडतं,
आणि दार उघडलं की आत बेनुस्सी जातो.

एकतीस वर्षं ओंदिनाने धक्क्यावर कॉफीची पोती मोजली,
आलेली, गेलेली, भिजलेली, उंदरांनी कुरतडलेली.
ती कॉफी पुढे कोण प्यायलं
ते तिला कोणी कळवलं नाही.
म्हणूनही असेल, तिची पेन्सिल
फक्त फुर्लानच्या वाक्यांखाली फिरते.
चारशे अकरा भरली.
सगळ्यात लांब वाक्य सहाव्या पुस्तकात,
डबाबंद सार्डिन माशांबद्दल.

चौथ्या पुस्तकात त्याच्या बायकोचं नाव लिदिया.
नवव्यात मारिया.
"लेखक विसरला," औषधांच्या दुकानातला लिव्हियो म्हणाला,
गुरुवारी, कॅफेत, सगळ्यांसमोर.
ओंदिनाने चष्मा काढून पुसला.
"सातव्यात तो तीन प्रकरणं दिसत नाही.
परत येतो तेव्हा कोटाचं एक बटण तुटलेलं.
तेव्हाच गेली असणार हो लिदिया.
खात्यात कोणी विचारलंही नसेल,
त्याच आठवड्यात कॉन्सुलचा खून झाला होता ना."

लिव्हियो बराच वेळ साखर ढवळत राहिला.
साखर त्याने घातलीच नव्हती.

एकोणिसाव्यात बोरा सुटलाय,
माणसं दिव्यांच्या खांबांना धरून चालतायत,
आणि पान दोनशे बारावर, तळाशी:
फुर्लान गाडी आणायला गेला.
पूर्णविराम.
पुढे खुनी सापडतो. बेनुस्सी निवृत्त होतो,
निरोपाला अकरा पानं, भाषणं, चांदीचं घड्याळ,
आणि मग तो समुद्राच्या कडेने घरी जातो
चालत.

चालत!
अहो, मग गाडी?
ओंदिनाने उरलेली पानं तीनदा चाळली,
मलपृष्ठ पाहिलं, प्रकाशकाला पत्र लिहिलं.
लेखक आदल्या वर्षीच वारले होते.
उत्तरात सहानुभूती होती
आणि नवीन पुस्तकांची यादी.

शेवटी तिने कोऱ्या पानावर,
पोत्यांच्या वहीत काढायची त्याच अक्षरात लिहिलं:
आवक: सार्जंट, एक नग, सुस्थितीत.
जावक:
आणि पेन्सिल खाली ठेवली.
नोकरीत असं एकदाही झालं नव्हतं,
रकाना मोकळा सोडून ती कधी घरी गेली नव्हती.

काल रात्री पुन्हा बोरा होता.
कुणाची तरी कुंडी फुटली, कुणाचं तरी दार आपटत राहिलं.
मध्यरात्रीनंतर खाली रस्त्यावर
एक इंजिन चालू असल्याचा आवाज आला,
खूप वेळ, घाई नसल्यासारखा,
मालक वर कुठेतरी निरोप घेतोय
आणि त्याला वेळ लागणार हे माहीत असल्यासारखा.

ओंदिना उठली. खिडकीपर्यंत गेली.
कडी नीट बसली आहे ना तेवढं पाहिलं.
खाली नाही पाहिलं.
पाहिलं असतं, तर ती दुसऱ्या कोणाची तरी निघाली असती.